कूलरच्या पाण्यातला शोध

'वधूवरांच्या सहजीवनास आशीर्वाद द्यावेत' असं छापलेली पत्रिका घरी आली की मी ती पूर्ण वाचत नाही, तारीख पाहते आणि रद्दीत टाकते. लग्नांवर माझा राग नाही, जेवायला मी आवर्जून जाते. राग त्या शब्दावर आहे. सहजीवन या विषयावर मी ऐन उमेदीची वर्षं घालवली, आणि ज्यांनी ज्यांनी हा शब्द माझ्यासमोर गोड चेहरा करून उच्चारला त्यांतल्या एकालाही ते काय असतं हे माहीत नव्हतं. माझ्या गाइडनाही नव्हतं, आणि ते तर याच विषयाचे तज्ज्ञ म्हणून नागपूरभर हार घालून घेत फिरायचे.

मी वनस्पतिशास्त्राची. आता इथल्याच एका कॉलेजात शिकवते. तेव्हा पीएच.डी. करत होते आणि माझा विषय होता अझोला. अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं नखाएवढं नेचं. कन्हान नदीच्या पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागतात, तिथून मी ते बादलीत भरून आणलं होतं. बघणारे सगळे त्याला शेवाळ म्हणतात. ते शेवाळ नाही, पण त्याच्या प्रत्येक इवल्या पानात एक पोकळी असते आणि त्या पोकळीत अनाबेना नावाचा एक जिवाणू वस्तीला असतो. हा सायनोबॅक्टेरिया. पुस्तकं त्याला अजूनही 'निळे-हिरवे शेवाळ' म्हणतात, कारण आपल्याकडे पुस्तक लिहिणारा आधीच्या पुस्तकावरून उतरवतो.

मला हे जीव माणसांपेक्षा आवडतात, यात काही लपवण्यासारखं नाही. पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा नव्हती तेव्हा यांनी उन्हाच्या जोरावर पाणी फोडून प्राणवायू सोडला, अब्जावधी वर्षं सोडला, आणि कुणी त्यांना शाल-श्रीफळ दिलं नाही. झाडाच्या पानातला हिरवा कणही मुळात यांच्याच जातीचा. कुठल्याशा पेशीने गिळला आणि पचवायचा राहून गेला. बी.एस्सी.ला सायकस नावाच्या झाडाच्या पोवळ्यासारख्या मुळाचा छेद घेऊन त्यातलं हिरवं कडं आम्ही सगळ्यांनीच वहीत काढलं होतं. ते कडं म्हणजे हेच लोक, मुळात राहायला आलेले. वर्गातल्या सगळ्यांनी ते रंगवलं, गुण घेतले, आणि ते कडं तिथे काय करतंय असा प्रश्न कुणाला पडला नाही. त्यांतलेच काही पुढे प्राध्यापक झाले.

अझोला आणि अनाबेनाचा व्यवहार असा. हवेत नत्र भरपूर, पण झाडाला ते उचलता येत नाही. अनाबेनाला येतं. त्याच्या पेशी मण्यांच्या माळेसारख्या एकापुढे एक असतात, मधेच एखादा मणी मोठा आणि जाड भिंतीचा. नत्र बांधण्याचं काम त्या मण्याचं. प्राणवायू लागला की ते काम बिघडतं, म्हणून तो मणी भिंत जाड करून घेतो, स्वतः प्राणवायू बनवणं सोडतो, शेजारच्या मण्यांकडून साखर घेतो आणि त्यांना नत्र देतो. एकदा तसा झाला की त्याला पिल्लं नाहीत आणि परतीची वाटही नाही. मोकळ्या पाण्यातल्या माळेत असा मणी दहा-पंधरांमागे एखादा. अझोलाच्या पानात मात्र तीन-चारांमागे एक, कारण घरमालकाला नत्र हवं असतं आणि तो कामाला जुंपतो. हे इतक्या पिढ्या चाललंय की पानातल्या अनाबेनाची बाहेर जगण्याची सगळी हत्यारं मोडीत निघाली आहेत. नेचं त्याला आपल्या बीजाणूंबरोबर बांधून पुढच्या पिढीच्या हवाली करतं. बाहेर काढला तर तो मरतो. जगभर लोकांनी त्याला एकट्याला बाटलीत वाढवून पाहिलं. वाढल्यासारखं वाटलं तेव्हा ते दुसरंच काहीतरी निघालं. असं असतं सहजीवन. यात आशीर्वाद देण्यासारखं काय आहे ते मला सांगा.

आता सर. मी त्यांना इथे सरच म्हणते, जिभेची सवय जात नाही. सर विभागप्रमुख होते, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, पोट पुढे आणि गळ्यातल्या दोरीचा मोबाइल पोटावर. प्रयोगशाळेत ते आले की आम्ही संशोधक विद्यार्थी उभे राहायचो, आणि ते सूक्ष्मदर्शकाकडे न जाता थेट कूलरकडे जायचे. त्यांच्या नावावर लेख पुष्कळ होते. ते आमच्यासारख्यांनी लिहिलेले आणि सरांनी नाव लावलेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो प्रकार. फरक इतकाच की नागोबा बिळाच्या गुणवत्तेबद्दल बोलत नाही, आणि सर बोलायचे. "बेटा, इंग्लिश जरा सुधार," एवढं त्यांचं मार्गदर्शन. त्यांचं स्वतःचं इंग्लिश मी सुधारून देत होते ती गोष्ट वेगळी.

आमच्या जिवाणू वाढवायच्या खोलीतला एसी कधीच मेला होता. दुरुस्तीचे अर्ज वर जायचे आणि वरच राहायचे. मग त्या खोलीच्या खिडकीला कूलर बसवला गेला. नागपूरकराला कूलर समजावून सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगते, पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, पंप ते पाणी ताट्यांवर सोडतो आणि पंखा ओली हवा आत फेकतो. हवेबरोबर बारीक तुषारही येतात. उन्हाळ्यात माणसाला तेवढीच शांती. टाकी आठवड्याला घासायची असते. आपल्याकडे ती होळीला भरतात आणि पावसाळ्यात रिकामी करतात. मधल्या काळात टाकीच्या तळाशी नि ताट्यांवर हिरवी बुळबुळ साचते, तिचा वास घरोघरी ओळखीचा असतो, आणि तिच्याकडे कुणी दोनदा बघत नाही. आम्ही, याच बुळबुळीवर पगार आणि फेलोशिप खाणारी माणसं, आम्हीही बघितलं नाही.

ऐन नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, सरांना हुक्की आली. अझोलाच्या पानातला अनाबेना बाहेर काढून एकटा वाढवायचा, आणि तोही स्वतःच्या हाताने. "तुमच्या पिढीला हात नाहीत," असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या. अशा कामात हवेतला एक कणही बशीत पडता कामा नये. त्यासाठी हवा गाळून सोडणारी एक काचेची पेटी असते, आमच्याकडे होतीही, पण तिच्यात हात घालून बसलं की कूलरची हवा पाठीवर येत नाही. म्हणून सरांनी सगळा सरंजाम कूलरसमोरच्या टेबलावर मांडला. पेटी नसेल तर निदान स्पिरिटचा दिवा पेटवून त्याच्या ज्योतीजवळ काम करतात. कूलरच्या झोतात दिवा टिकेना. दोनदा विझला, तेव्हा सरांनी कूलर नाही, दिवा हलवला.

मी म्हटलं, "सर, तेवढ्यापुरता कूलर बंद करू का?"

"कूलर बंद? या गरमीत? मला मारून टाकते का तू?" सर हसले, बाकीचे दोघे विद्यार्थीही लगेच हसले. "अगं, शास्त्रज्ञ कम्फर्टेबल पाहिजे. तो कम्फर्टेबल नसला तर हात थरथर कापते त्याचा."

सर कम्फर्टेबल होते. अझोलाची पानं त्यांनी धुतली, चिरडली, आणि तो लगदा एकेका बशीत नि चंबूत सोडला. झाकणं बाजूला ठेवली होती, उताणी. मधे त्यांना फोन आला तो त्यांनी तिथेच उभं राहून घेतला, घराच्या स्लॅबविषयी. बोलणं संपेपर्यंत बशा उघड्याच होत्या आणि कूलर त्यांच्यावर पाणी शिंपडत होता.

चंबूंतलं पाणी हळूहळू हिरवं झालं. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या सुंदर माळा दिसल्या, मधेमधे जाड भिंतीचे मणी. सरांनी आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच भिंगाला पाच मिनिटं डोळा लावला असेल. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. तेवढं खरं होतं, ते मी नाकारणार नाही. पण नंतर त्यांनी खिशातून फोन काढला आणि आधी शास्त्रातल्या कुणाला नाही, एका वार्ताहराला लावला.

मग जे व्हायचं ते झालं. फोटो छापून आला. सर चंबू उजेडाकडे धरून बघताहेत, चंबूवरची आकड्यांची बाजू पलीकडे वळलेली. मथळ्यात 'नागपूरच्या शास्त्रज्ञाची किमया' असं काहीतरी. एका सभागृहात सत्कार झाला. वक्ते म्हणाले, सरांनी निसर्गातलं एक अतूट सहजीवन तोडलं, पण सर आणि वहिनींचं सहजीवन मात्र अतूट आहे. लोक हसले, टाळ्या पडल्या. वहिनी समोरच्या रांगेत बसून सरांची औषधाची डबी सांभाळत होत्या. मी मागे उभी राहून समोशाचं पाकीट हातात धरून विचार करत होते की एवढा जाहीर मूर्खपणा पाहायला तिकीट का लावत नाहीत.

कारण मला शंका आली होती. माळेत जाड मणी दहा-पंधरांमागे एक होता. पानात राबणाऱ्याची ती खूण नव्हती. मोकळ्या पाण्यात मजेत हिंडणाऱ्याची होती. बाहेर आल्यावर बदलला असेल, असं म्हणता आलं असतं. म्हणून मी सकाळी, सर यायच्या आत, कूलर बंद ठेवून तोच प्रयोग काचेच्या पेटीत केला. चंबूतलं पाणी पाण्यासारखंच राहिलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. मग एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी कुणीही करायला हवी होती. जिवाणूंच्या नुसत्या अन्नाची बशी, अझोला नाही की काही नाही, चालू कूलरसमोर उघडी ठेवली आणि नंतर झाकून उजेडात ठेवली. ती हिरवी झाली. त्याच माळा, तेच मणी.

शेवटी कूलरमागे जाऊन ताटीवरची बुळबुळ काडीने खरवडली आणि काचेवर घेतली. सरांचा शोध तिथे कोट्यवधींनी लोळत पडला होता. तरी खात्रीसाठी मी चंबूतलं, ताटीवरचं आणि अझोलाच्या पानातलं, तिन्हींचे डीएनए बाहेरगावी तपासून आणले. चंबू आणि ताटी एकच. पान वेगळं.

मला हसू आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. मग घाम फुटला. कारण सरांनी तोवर ठरवून टाकलं होतं की हा शोध माझ्या प्रबंधाचा मुख्य भाग असेल. त्यांना तो विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी हवा होता. आणि प्रबंधावर त्यांची सही नसली तर माझी सगळी वर्षं पाण्यात, तीही कूलरच्या.

मी पुरावे घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. बोलले अदबीनेच. त्यांनी तिन्ही डीएनएची चित्रं बघितली, चष्मा काढला, लावला. मला वाटलं आता रागावतील. पण सर हसायला लागले.

"अगं बेटा, तू उलटा विचार करून राहिली. कूलरमधला अनाबेना आपल्या चंबूत नाही आला. आपल्या चंबूतला उडून कूलरमध्ये गेला! म्हणजे बघ, तो एकटा किती जबरदस्त जगते ते. हा तर अजून मोठा शोध आहे."

मी म्हटलं, "सर, पंखा हवा आत फेकतो. बाहेर नाही."

"तू फालतू डोकं नको लावू. लिही मी सांगतो तसं."

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकलं होतं. पण इथे सर अंगणालाच नाचायला लावत होते. मी "हो सर" म्हटलं आणि बाहेर आले.

घरी फक्त बाबा होते, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून होते. माझा स्वभाव त्यांचाच. साहेब आले की अख्खं ऑफिस उभं राहायचं आणि बाबा कागद खाली ठेवून विचारायचे, "बोला, काय काम होतं?" त्यापायी त्यांची बदली इतक्यांदा झाली की आमच्या घरातल्या पेट्या कधी पुऱ्या उघडल्याच गेल्या नाहीत. मी सगळं सांगितलं तेव्हा ते ताटावरून उठून हसले, पाणी पिऊन पुन्हा हसले. तेव्हापासून सर आमच्या घरात 'तो कूलरवाला'.

"पण लिहू काय, बाबा?"

"खरं लिही. तो वाचते का पण?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. सर काहीच वाचत नसत. मी खरं लिहिलं. उघड्या बशा, विझलेला दिवा, कूलरची ताटी, तिन्ही डीएनए, एक अख्खं प्रकरण. वर शीर्षक असं दिलं की सरांना त्यांचाच गौरव वाटावा. प्रबंध त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी कृतज्ञतेचं पान उघडलं, स्वतःचं नाव बोट लावून वाचलं, स्पेलिंग तपासलं, आणि सही ठोकली. त्या घडीला मला त्यांचा इतका तिरस्कार वाटला की हात जोडताना माझी बोटं एकमेकांना नीट लागेनात.

तोंडी परीक्षेला परगावचे परीक्षक आले, बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. आमच्याकडे ही परीक्षा सगळ्यांसमोर होते. विभागातले, विद्यार्थी, घरचे, चहावाल्याचा माणूस, सगळे बसतात. सर पहिल्या रांगेत, नव्या सफारीत. बाबा शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. परीक्षकांनी प्रबंध खरोखरच वाचला होता. त्यांनी थेट तेच प्रकरण उघडलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, तुमच्याच विभागाचा गाजलेला निष्कर्ष चुकीचा आहे? तो जीव पानातून आला नाही?"

"नाही सर. तो कूलरमधून आला."

कुणीतरी खोकलं. मी सरांकडे पाहिलं. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू त्यांना समजत गेलं, कपाळापासून खाली. मला वाटलं, संपलं. पण मी त्यांना कमी लेखलं होतं. सर उठून उभे राहिले आणि प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणाले, "ही शंका सर्वप्रथम मलाच आली होती. मीच हिला सांगितलं, बेटा, माझ्या शोधाची भीड ठेवू नको, तपास."

परीक्षक म्हणाले, "स्वतःचा निष्कर्ष खोडायला विद्यार्थ्याला सांगणारा मार्गदर्शक आजकाल दुर्मीळ आहे." टाळ्या वाजल्या. सत्कारापेक्षा जास्त वाजल्या. मला वाटलं ओरडावं, पण परीक्षकांनी तोवर अभिनंदन केलं होतं, आणि माझ्या विद्यार्थी मित्रांपैकी एकाने सरांच्या गळ्यात माझ्यासाठी आणलेला हार घातला होता.

परीक्षकांनी अहवालावर सही केली आणि ते रेल्वे पकडायला गेले. दुसरी सही गाइडची. सर केबिनमध्ये कागद समोर घेऊन बसले. दार उघडंच होतं.

"एक छोटी दुरुस्ती कर," ते म्हणाले. "त्या प्रकरणात पहिल्याच ओळीत टाक, 'मार्गदर्शकांच्या सूचनेवरून हा तपास हाती घेतला.' बस. नवीन प्रत काढून आण, मग मी इथे सही करतो."

"ते खरं नाही, सर."

"आत्ता सगळ्यांसमोर मी बोललो ना? झालं खरं."

"मी नाही टाकणार."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "काही घाई नाही. मी उद्यापासून मुलाकडे चाललो, बंगलोरला. आल्यावर बघू. किंवा नंतर बघू." आणि ते खरंच खुर्चीत मागे रेलले. केबिनमधलाही कूलर त्यांच्या मागे सुरूच होता. अख्ख्या प्रबंधात एक ओळ खोटी घालायची होती, आणि ती नाही घातली तर हा माणूस मला किती वर्षं फिरवील याचा नेम नव्हता. मी घालणार नव्हते.

बाबा दारात होते. कधी आले कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं असणार. मला वाटलं, आता कूलरवाल्याची खैर नाही. ते आत आले, बर्फीचा डबा टेबलावर ठेवला, टेबलाला वळसा घातला, आणि गुडघा धरून सावकाश खाली वाकले. दोन्ही हात सरांच्या बुटांवर. नुसते टेकवले नाहीत, ठेवले.

"सर, तुमच्यानं पोरगी डॉक्टर झाली. आम्हाले का समजते यातलं. तुमचे उपकार हाय."

"अहो, अहो, हे काय," सर म्हणाले, पण पाय मागे घेतला नाही. त्यांचा चेहरा असा फुलला की सत्कारातही फुलला नव्हता. बाबा वाकलेलेच राहिले. सरांना काहीतरी मोठेपणाचं करून दाखवणं भाग पडलं. त्यांनी टोपण काढलं आणि सही केली, माझ्याकडे न बघता, एका हाताने बाबांची पाठ थोपटत. ओळीचं त्यांना आठवलंच नाही, की आठवून त्यांनी सोडून दिलं, देव जाणे.

मी कागद उचलला. त्या घडीला मला सरांपेक्षा बाबांचा जास्त तिटकारा आला होता, खोटं कशाला बोलू. ज्या माणसाने कधी खुर्चीवरून उठून साहेबाला मान दिला नाही, तो या पोकळ माणसाच्या बुटांना हात लावून बसला होता, आणि मी ते उभी राहून बघितलं होतं.

स्कूटर मी चालवत होते, बाबा मागे. एका सिग्नलला थांबावं लागलं, उन्हात, तेव्हा माझ्याने राहवेना.

"बाबा, तुम्ही त्याच्या पाया काहून पडले? त्याच्या? मी नाही म्हणून राहिली होती ना? मी पाहून घेतलं असतं."

"का पाहून घेतलं असतं तू?"

"काहीही. पण वाकली नसती."

"म्हणूनच तं," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून आधी तळहात पुसले, मग मान. "तू वाकली असती तं त्यानं ते ओळ लिहून घेतली असती. तुयापाशी घ्यासारखं काही होतं. मी वाकलो, तं मायापाशी लिहून घ्याले का हाय त्याले?"

डोळ्यांपुढे रस्ता पुसट झाला, मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले आणि मी तशीच स्कूटर पुढे काढली. बाबांनी माझा खांदा घट्ट धरला.

"समोर लक्ष दे वं, डॉक्टरीनबाई. ते लोकं उगाच हॉर्न वाजवून राहिले, सिग्नल अजून लालच हाय."